कंपनी गेली, चार्जर राहिला

मेन स्विच : प्रश्न वाचकांचे, उत्तरं वायरमन काकांची

या अंकात गिझरच्या थर्मोस्टॅटवर लिहीन असं कबूल केलं होतं. पण इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरांची पत्रं इतकी साचली आहेत की गिझरवाल्यांनी थंडीपर्यंत दम धरावा. मुंबईत ती कधी येते, ते तुमचं नशीब.

प्रश्न : काका, आमच्या सोसायटीने 2021 मध्ये स्टिल्ट पार्किंगमध्ये 7.4 किलोवॅटचे सहा चार्जर बसवले. पैसे अ‍ॅपमधून वळते व्हायचे. कंपनीने यंदा धंदा गुंडाळला. अ‍ॅप उघडत नाही, फोन कोणी घेत नाही. जुन्या सभासदांची कार्डं दोन चार्जरांवर अजून चालतात, बाकीचे चार नुसते लुकलुकतात. सगळे काढून नवे बसवावेत असा कमिटीत सूर आहे. एका एजंटाने कोटेशनही दिलंय. काय करावं? — सोसायटीचे सचिव, मुलुंड पूर्व

उत्तर : सचिवसाहेब, कोटेशन फायलीला लावा आणि आधी एका चार्जरचं झाकण उघडून बघा. तुम्ही नव्हे, लायसनवाला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, तोही मेन बंद करून.

आत फार काही नसतं. घरातली एसी वीज बॅटरीला लागणारी डीसी करून भरण्याचं अवघड काम गाडीतलं यंत्र करतं. भिंतीवरच्या डब्यात एक कॉन्टॅक्टर किंवा जाडसा रिले (वीज जोडणारा-तोडणारा आपोआप स्विच), गळती ओळखणारं सर्किट, सर्ज म्हणजे विजेची अचानक उसळी झेलणारे भाग आणि गाडीशी बोलणारं एक कंट्रोलर कार्ड (सर्किट बोर्ड, सभासदांचं कार्ड नव्हे) असतं. हे बोलणंही साधं. गनमधल्या (गाडीत खुपसायच्या प्लगमधल्या) एका बारीक पिनवर हजार हर्ट्‌झचा सिग्नल असतो. गाडी लावलेली नसेल तर 12 व्होल्ट, लावली की 9, गाडीने ‘वीज दे’ म्हटलं की 6. मग कॉन्टॅक्टर खट्‌कन बसतो. किती अँपिअर घ्यायचे तेही त्याच सिग्नलच्या रुंदीवरून, म्हणजे दर ठोक्यात तो किती वेळ चालू राहतो त्यावरून, गाडीला कळतं : 27 टक्क्यांच्या आसपास असेल तर 16 अँपिअर, 53 च्या आसपास असेल तर 32. हे सगळं आयईसी 61851 आणि आपल्या आयएस 17017 या मानकांत छापलेलं आहे. त्यात कुठल्याही कंपनीचं गुपित नाही, आणि तुमची कंपनी बुडाल्याने ते बुडत नाही.

बुडालंय ते दुसरं खातं. सिम किंवा वायफाय, कार्ड रीडर, आणि कुठेतरी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर ‘हा सभासद ओळखीचा आहे का’ असं विचारणारा प्रोग्रॅम. तुमचे चार चार्जर त्या उत्तराची वाट बघत लुकलुकताहेत. चालणाऱ्या दोघांच्या स्मरणात जुन्या कार्डांची यादी उरली असावी.

आयटीआय करून मी परळच्या एका मिलमध्ये लागलो तेव्हा खात्यातल्या मागांवर लँकेशायरच्या कारखान्याचं नाव ओतलेलं होतं. सुटा भाग हवा म्हणून त्या कारखान्याला पत्र टाकावं असं कोणाच्या मनातही यायचं नाही. दात झिजलेलं चक्र कुर्ल्याच्या लेथवर जायचं आणि दुसऱ्या पाळीला माग चालू. पण त्या मागाला रोज सकाळी ‘चालू होऊ का?’ म्हणून विलायतेला विचारावं लागत नव्हतं. तुमच्या चार्जराला लागतं. तेवढी सवय मोडायची आहे.

आता कामाचं. चार्जरच्या मॅन्युअलमध्ये किंवा प्लेटवर ओसीपीपी 1.6 किंवा 2.0.1 असं लिहिलंय का ते शोधा. चार्जर आणि सर्व्हर यांच्यातली ही खुली बोली आहे. चार्जर कोणाचा, सर्व्हर कोणाचा, याच्याशी तिला देणंघेणं नाही. ती असेल तर निम्मं काम झालं. चार्जरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता असतो, तो बदलून दुसऱ्या चालू ऑपरेटरचा टाकायचा. किंवा, बोली 1.6 असेल तर, स्टीव्ह नावाचा मोफत, खुला प्रोग्रॅम सोसायटीच्या ऑफिसातल्या छोट्या कॉम्प्युटरवर चालवून कार्डांची यादी स्वतःच सांभाळायची. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तो जन्मला. कॉम्प्युटर शिकणारी दोन पोरं तुमच्या इमारतीत असतीलच, त्यांना बसवा. नुसतं ‘कार्ड नको, गन लावली की चार्ज सुरू’ एवढंच हवं असेल तर बऱ्याच चार्जरांत तशी सोय असते, आणि सर्व्हर नसताना अनोळखी कार्ड चालू द्यायचं की नाही याचं वेगळं सेटिंगही ओसीपीपीमध्ये आहे. स्टिल्टला गेट आणि वॉचमन असेल तर मला हा मार्ग सगळ्यात आवडतो. बिघडण्यासारखं त्यात काही उरत नाही.

अडचण पासवर्डची. सेटिंगमध्ये शिरायला इन्स्टॉलरचा पासवर्ड लागतो. तो कधी झाकणाच्या आतल्या स्टिकरवर, कधी मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर आणि बहुतेक वेळा चार्जर बसवून गेलेल्या पोराच्या फोनमध्ये असतो. कंपनी गेली तरी तो पोरगा गेलेला नाही. दुसऱ्या कंपनीचे चार्जर बसवत असेल. बसवणीचं बिल काढा, कॉन्ट्रॅक्टरचं नाव शोधा, त्याला चहाला बोलवा. आत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे पासवर्ड बदलून सोसायटीच्या कपाटात ठेवणं. दुसरं, जुन्या सर्व्हरचा पत्ता पुसणं. बंद पडलेल्या कंपनीचं वेबनाव मुदत संपल्यावर कोणीही विकत घेऊ शकतं, आणि तुमचे चार्जर इमानाने तेच दार ठोठावत राहतील.

पत्ता बरोबर टाकूनही जोडणी होत नसेल तर सर्टिफिकेटची मुदत तपासायला सांगा. सर्व्हर खरा आहे हे ओळखायला चार्जरमध्ये काही मूळ सर्टिफिकेटं भरलेली असतात आणि ती कालबाह्य होतात. 30 सप्टेंबर 2021 रोजी असंच एक फार वापरातलं सर्टिफिकेट संपलं आणि जगभरची जुनी यंत्रं एका रात्रीत मुकी झाली. यंत्रात बिघाड काहीच नव्हता.

यातलं काहीच जमलं नाही, चार्जरमधलं कंट्रोलर कार्ड पूर्ण कुलूपबंद निघालं, तर ते बदला. डबा, केबल, गन, कॉन्टॅक्टर तेच ठेवून मधलं कंट्रोलर कार्ड नवं बसवता येतं. गाडीशी बोलण्याची भाषा सगळीकडे एकच आहे. फक्त एक अट. जुन्या कार्डात 6 मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखण्याची सोय असेल आणि नव्यात नसेल, तर मागे टाइप बी आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच, ज्याला लोक ईएलसीबी म्हणतात, त्यातली डीसी गळतीही ओळखणारी जात) बसवा. गाडीकडून डीसी गळती आली तर साधी आरसीसीबी आंधळी होते. ऐन वेळी पडायची ती पडत नाही. कॉन्ट्रॅक्टरला हा प्रश्न विचारा. तो ‘काही होत नाही साहेब’ म्हणाला तर दुसरा कॉन्ट्रॅक्टर बघा.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. सहा चार्जर एकदम पूर्ण भाराने चालले तर 44 किलोवॅट होतात. तुमचा मंजूर लोड एवढा आहे का? बऱ्याच ठिकाणी नसतो. सर्व्हर सगळ्यांना थोडं थोडं वाटून देत असतो. सर्व्हर गेला की वाटपही गेलं. मग रात्री अकराला सहाही गाड्या लागल्या की मेन केबल तापते. दर चार्जरच्या कार्डावर अँपिअर ठरवण्याचा छोटा फिरता स्विच किंवा डिप स्विच असतो, किंवा सेटिंगमध्ये आकडा असतो. तो 16 वर आणा. सहा मिळून 22 किलोवॅट होतील. आठ तासांत गाडीला 29 युनिट मिळतात. सुरुवातीच्या नेक्सॉन ईव्हीची अख्खी बॅटरीच 30.2 युनिटांची होती. रोज ठाण्याला जाऊन येणाऱ्याला याहून जास्त काय करायचंय? तीन फेजवर दोन-दोन चार्जर विभागले आहेत ना, तेही क्लॅम्प मीटरने पाहून घ्या.

पैशांचं म्हणाल तर प्रत्येक चार्जरमागे पॅनलमधल्या रेलवर (पट्टीवर) बसणारा सबमीटर लावा आणि महिन्याच्या मेंटेनन्स बिलात युनिटं चढवा. गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, त्याला वीजविक्रीचं लायसन लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्येच स्पष्ट केलं आहे. कमिटीत कोणी हा मुद्दा काढेलच, म्हणून सांगून ठेवतो.

तुमच्यासारखे जगात पुष्कळ आहेत. एनेल एक्स वे या कंपनीच्या उत्तर अमेरिकेतल्या शाखेने 2024 च्या ऑक्टोबरमध्ये जेमतेम आठवडाभराच्या नोटिशीवर दुकान बंद केलं. तिचे ज्यूसबॉक्स नावाचे घरगुती चार्जर गाडी चार्ज करत राहिले, कारण त्यांना कोणाची परवानगी लागत नव्हती. गोत्यात आले ते सर्व्हरच्या जिवावर चालणारे व्यावसायिक चार्जर. ब्रिटनने घरगुती चार्जरांसाठी कायद्यातच लिहून टाकलं आहे की नेटवर्क तुटलं तरी गाडी चार्ज झालीच पाहिजे. आपल्याकडे ते खरेदीच्या कागदावर तुम्हालाच लिहून घ्यावं लागतं.

प्रश्न : त्याच कंपनीकडे आम्ही तीन वर्षांच्या देखभालीचे पैसे आगाऊ भरले होते. ते गेलेच का? — खजिनदार, कांदिवली

उत्तर : आगाऊ का भरले, हे विचारत नाही. पहिली नोटीस कंपनीला आणि तिच्याइतकीच ज्याने चार्जर विकला त्या डीलरला. बिलावर नाव कोणाचं आहे ते बघा. 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यात सहकारी संस्थेलाही तक्रार करता येते, आणि तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मात्र कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली असेल तर तिच्यावरचे बाकीचे दावे थांबतात. मग एनसीएलटीने (कंपन्यांचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने) नेमलेल्या माणसाकडे मुदतीत दावा नोंदवावा लागतो, आणि अशा रांगेत सोसायट्या फार मागे उभ्या असतात. वकिलाची फी आणि अडकलेली रक्कम शेजारी-शेजारी मांडून बघा, मग ठरवा.

प्रश्न : काका, आमचा बंगला जुना आहे, चार्जर कंपाउंडच्या भिंतीवर. कंपनीने हे मॉडेल बंद केलं, त्यांचा माणूस आता येत नाही. पावसाळ्यात रात्री ईएलसीबी पडते, ऊन पडलं की दुपारी नीट चालते. आमचा वायरमन म्हणतो, ‘ईएलसीबी काढून डायरेक्ट जोडतो, कटकट संपेल.’ जोडू द्यावं का? — निवृत्त शिक्षिका, विलेपार्ले

उत्तर : बाई, त्या वायरमनला चहा पाजा आणि परत बोलावू नका.

30 मिलिअँपिअरवर पडणारी ती ईएलसीबी पावसात ओल्या जमिनीवर उभं राहून गन हातात धरणाऱ्या माणसासाठी आहे. ती पडते म्हणजे कुठेतरी वीज जमिनीत झिरपते आहे. झिरपणं शोधायचं असतं. बातमी आणणाऱ्याला हाकलून चालत नाही.

आधी एवढं पाहा : गाडी न लावता, गन होल्डरमध्ये असतानाच पडते, की गाडी लावून चार्जिंग सुरू झाल्यावर? नुसतीच पडत असेल तर ओल डब्यात किंवा मागच्या वायरिंगमध्ये आहे. चार्जिंग सुरू झाल्यावर पडत असेल तर गन, तिची केबल किंवा गाडी. गाडी दुसरीकडे कुठेतरी लावून बघा. तिथे नीट चालली तर गाडी सुटली.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत सप्लायची केबल डब्यात वरून शिरते आहे. माझा संशय तिथेच. पाऊस केबलवरून ओघळत ग्लँडपर्यंत (केबल डब्यात शिरते तिथल्या घट्ट बुचापर्यंत) येतो, ग्लँडचं रबर चार-पाच उन्हाळ्यांत कडक होऊन चिरतं आणि पाणी थेट टर्मिनलवर. केबल खालून घ्यायला सांगा, आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या म्हणजे थेंब झोळावरून गळून जातील. नवी ग्लँड लोहार चाळीत मिळते. केबलच्या बाहेरच्या जाडीचं माप घेऊन जा, अंदाजाने आणू नका. वरची भोकं नीट बुजवा. झाकणाचं रबरही बदला. आत मुंग्यांची माती किंवा पालीची अंडी निघाली तर दचकू नका. त्यांना उबदार जागा हवी असते, ती आपणच देतो.

मग गनच्या पिना. पार्ल्यापर्यंत खारा वारा येतोच. पिनांवर हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, तेल नको. तेलावर धूळ बसते आणि धुळीवर ओल. एखादी पिन तपकिरी-काळी पडली असेल तर ती तापते आहे, गन बदलायला हवी. टाइप 2 गन केबलसकट सुटी मिळते, त्यासाठी मूळ कंपनी लागत नाही.

नवा वायरमन मेगर (विजेची गळती तपासायचं यंत्र) आणेल. त्याला आधी कार्ड आणि सर्जचे भाग सोडवायला सांगा. 500 व्होल्टचा मेगर तसाच लावला तर गळती सापडेल की नाही ठाऊक नाही, कार्ड मात्र नक्की जळेल. बंद मॉडेलचं कार्ड जळलं की मग खरंच नवा चार्जर.

जाता जाता अर्थिंग. जुन्या बंगल्यांचा अर्थ पिट कुठे आहे हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसतं. बहुधा त्यावर तुळशीवृंदावन असतं. चार्जिंग चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये किती व्होल्ट येतात ते मोजून घ्या. दोन-तीनच्या वर असतील तर आधी न्यूट्रलचे सांधे आणि अर्थिंग तपासा. आणि चार्जरकडे जाणाऱ्या सगळ्या टर्मिनलांचे स्क्रू वर्षातून एकदा, मेन बंद करून, आवळून घ्या. गिझर अर्ध्या तासात बंद होतो, गाडी सहा-सहा तास 32 अँपिअर ओढते. सैल स्क्रूला एवढा वेळ पुरतो. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या चार्जरांत जळालेलं टर्मिनल जितकं दिसतं तितकं बिघडलेलं कार्ड दिसत नाही.

ईएलसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. नाही पडली तर त्याच दिवशी बदला.

प्रश्न : स्कूटर कंपनी बंद पडली, चार्जर जळाला. बाजारात तशाच पिनचा ‘60 व्होल्ट’चा चार्जर स्वस्तात मिळतोय. घेऊ? — डिलिव्हरी करणारा वाचक, घाटकोपर

उत्तर : पिन जुळली म्हणून घेऊ नकोस. तुझ्या बाबतीत बॅटरी भरणारं यंत्र त्या डब्यातच आहे, त्यामुळे वर सोसायटीला जे सांगितलं ते तुला लागू नाही. बॅटरीच्या आत सेल कोणते आणि किती, हे आधी कळायला हवं. लिथियम सेलच्या दोन नेहमीच्या जाती : एनएमसीचा सेल 4.2 व्होल्टला भरतो, एलएफपीचा 3.65 ला. 16 एलएफपी सेलच्या बॅटरीला 58.4 व्होल्टवर थांबणारा चार्जर लागतो, 67.2 वर थांबणारा लावलास तर सगळी भिस्त बॅटरीतल्या राखणदार सर्किटवर, म्हणजे बीएमएसवर. तो बिघडलेला असेल तर आग. जुन्या चार्जरच्या लेबलवर आउटपुटचे व्होल्ट आणि अँपिअर असतात, त्याचा फोटो घे आणि लॅमिंग्टन रोडला ते आकडे दाखवून माग. तेवढेच व्होल्ट, अँपिअर तेवढे किंवा कमी. जुना चार्जर टाकू नकोस. फ्यूज, इनपुटचा कपॅसिटर किंवा मॉस्फेट गेलेला असतो, आणि तिथे ते काम करणारे कारागीर अजून आहेत.

लावून झोपायचं नाही. घरात तर नाहीच.

प्रश्न : आमच्या ऑफिसच्या आवारात 2018-19 चा एक ‘भारत डीसी-001’ चार्जर पडून आहे. दुरुस्त होईल का? — अ‍ॅडमिन मॅनेजर, अंधेरी पूर्व

उत्तर : होईलही, पण कोणासाठी? तो 15 किलोवॅटचा, जीबी/टी गनचा. त्या वेळच्या ई-व्हेरिटो आणि पहिल्या टिगोरसारख्या गाड्या त्यावर चालत. आजच्या गाड्यांना सीसीएस 2 जातीची गन लागते. उघडूही नका, डीसी चार्जरमधले कपॅसिटर मेन बंद केल्यावरही धक्का देतात. यंत्र अधिकृत ई-कचरावाल्याला द्या आणि पावती घ्या. पण त्याच्यामागचा मीटर, केबल, पॅनल, अर्थिंग आणि मंजूर लोड कोणाला सोडू देऊ नका. मुंबईत यंत्र आठ दिवसांत येतं, वाढीव लोड मिळायला इमारतीत सबस्टेशनला जागा आहे का इथून सुरुवात होते. त्याच मंजूर लोडात 7.4 चे दोन एसी चार्जर बसू शकतात, फक्त केबल 32 अँपिअर झेलते का ते बघून घ्या.

प्रश्न : नवा चार्जर घेतोय. कंपनी पुढे बंद पडली तर फसू नये म्हणून काय विचारू? — वाचक, दादर

उत्तर : विक्रेत्यासमोर वायफाय बंद करा, फोन खिशात ठेवा आणि म्हणा, ‘आता गाडी चार्ज करून दाखवा.’ नाही झाली तर निघा. झाली तर ओसीपीपीचा सर्व्हर पत्ता ग्राहकाला बदलता येतो आणि इन्स्टॉलरचा पासवर्ड आमच्या ताब्यात मिळेल, हे बिलावर लिहून घ्या. फर्मवेअरची, म्हणजे चार्जरच्या आतल्या प्रोग्रॅमची, फाइल पेनड्राइव्हवर मागा. आतला कॉन्टॅक्टर रेलवरचा, बाजारात मिळणारा असेल तर उत्तम. कार्डावर सोल्डर केलेला रिले असेल तर त्याच्यावरचा नंबर टिपून ठेवा. अ‍ॅपमधले रंगीत आलेख दाखवायला लागले तर बघा, छान असतात. त्याचे जास्तीचे पैसे मात्र देऊ नका.

प्रश्न : पावसाळ्यात चार्जरला प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवावी का? — वाचक, वसई

उत्तर : नको. आत वाफ धरते आणि पिना पिशवीतच गंजतात. वर पत्र्याची छपरी करा, बाजू मोकळ्या ठेवा, गन तोंड खाली करून टांगा. पाणी साचत असेल तर डबा मागच्या पुराच्या खुणेच्या वर घ्या.

गिझरवाले, थंडीत भेटू.